कागदाचे दोन वेढे

"निकम, आरं ह्ये कव्हर हाय का कुलूप?"

केरूअण्णांनी माझ्या हातचं पहिलंवहिलं होल्स्टर छातीशी धरलं होतं आणि समोरून कंत्राटदार मुळीक त्यातलं रिव्हॉल्वर ओढत होता. गोळ्या आधीच काढून फळीवर ठेवलेल्या, अण्णांच्या दुकानातला तो पहिला नियम. मुळीकनं एक पाय बाकाला रोवला, दातओठ खाल्ले आणि असा हिसका दिला की अण्णाच दोन पावलं पुढं आले. रिव्हॉल्वर होतं तिथंच.

"अहो, उद्या कुणी माझ्यावर चालून आलं तर त्याला काय सांगू?" मुळीक ओरडला. "बस बाबा, चहा घे, तोवर काढतो?"

दुकानातले दोघं-तिघं खदाखदा हसले. मीही हसलो, काय करणार, रडता तर येत नव्हतं. हसली नाही ती फक्त एक बाई. चपलेचा अंगठा तुटला म्हणून आली होती आणि एक पाय अनवाणी ठेवून बाकाच्या टोकाला बसली होती. पन्नाशीची असेल. ती त्या कव्हरकडे इतकी टक लावून बघत होती, की मला वाटलं हिला चक्करबिक्कर येतेय.

"कुणी केलंय हे?" तिनं विचारलं.

"ह्यानं," अण्णांनी हनुवटीनं मला दाखवलं. "शिकतोय अजून. चार म्हयने झाले. तुमची चप्पल मी शिवतोय, भिऊ नका."

पुन्हा हशा. बाई तेव्हाही हसली नाही. चप्पल शिवून झाल्यावर पाय घालून उठली आणि जाता जाता वळून एकदा माझ्याकडे बघून गेली.

ही गोष्ट बावीस वर्षांपूर्वीची, साताऱ्यातली. माझी सूतगिरणी बंद पडली तेव्हा मी एकोणचाळीस वर्षांचा होतो. गिरणीत माझं काम गेटवर झडती घ्यायचं. अकरा वर्षं मी पाळी सुटली की माणसांचे डबे उघडले, छत्र्या उलट्या करून झटकल्या, पिशव्या चाचपल्या. सुताचा एक कोन बाहेर गेला असता तर माझी नोकरी गेली असती. त्या कामानं मला एक गोष्ट पक्की शिकवली होती. माणसाला विचारायचं नाही. विचारलं की तो खोटं बोलतो. सरळ डबा उघडायचा आणि आत बघायचं. हा स्वभाव मग घरी पण आला. बायको म्हणायची, तुम्ही देवाचा प्रसाद पण उलटा करून बघता.

केरूअण्णा सातपुते म्हणजे तीन पिढ्यांचे चर्मकार. पोलीस, बँकेचे गार्ड, लष्करातून निवृत्त झालेली माणसं त्यांच्याकडे यायची. पट्टे, होल्स्टरं, गोळ्यांच्या थैल्या, मोबाइलची पाकिटं, सगळं मापानं करून मिळायचं. आमच्या निकमांच्या घरात कातड्याला हात लावणारा मी पहिला. थोरला भाऊ महिनाभर माझ्याशी बोलला नाही. पण हात रिकामे ठेवून बसणं मला जमत नव्हतं, आणि कातड्याचा वास मला का कोण जाणे आवडला होता. अण्णांना मात्र माझा काडीचा भरवसा नव्हता. "तू शिकणार आन् समूरच दुकान टाकणार," ते तोंडावर म्हणाले होते. दोन महिने त्यांनी मला नुसता दोऱ्याला मेण लावायला बसवलं. कातडं कापायची रापी ते संध्याकाळी पिशवीत घालून घरी न्यायचे. एकूण दोघांचं छान जमलं होतं, तेही संशयी आणि मीही.

त्या दिवशी मुळीक गेल्यावर अण्णांनी विचारलं, "कागद लावलावता का?"

मी दोऱ्याला मेण लावायला लागलो.

अण्णांकडे सगळ्या रिव्हॉल्वरांचे लाकडी साचे होते. बाभळीच्या सालीत कमावलेलं कातडं भिजवायचं, ते साच्यावर दाबून दाबून बसवायचं आणि तसंच सावलीत वाळू द्यायचं. पण कातडं वाळताना आवळतं. म्हणून साच्याला आधी वर्तमानपत्राच्या कागदाचे दोन वेढे द्यायचे. कातडं वाळल्यावर कागद काढला की हत्याराला तेवढीच जागा राहते, ना सैल ना घट्ट. मी कागद विसरलो होतो. वर घाई करून उन्हात वाळवलं होतं.

"ह्यो तुझा कागद," अण्णा म्हणाले, "एखाद्याचा जीव घील."

दुसऱ्या दिवशी ती बाई पुन्हा आली. अण्णा रोज चारला घरी चहाला जायचे आणि पाचला यायचे. ही चार वाजून दहा मिनिटांनी आली. गेटवरच्या माणसाला अशा वेळा बरोबर कळतात.

"अण्णा नाहीत," मी म्हणालो.

"माहितीय. तुमच्याकडंच आलेय, निकमभाऊ."

तिनं माझं आडनाव लक्षात ठेवलं होतं. पिशवीतून एक जुनं होल्स्टर काढून तिनं फळीवर ठेवलं. कातडं मऊ पडून कानासारखं लोंबत होतं.

"आमच्या मालकांचं आहे. सुभेदार जगदाळे. बत्तीस बोअरचं रिव्हॉल्वर आहे, लायसनचं. तसं नवं करायचंय, तुमच्या हातचं."

"अण्णा येतीलच आता. ते जास्त चांगलं—"

"अण्णांच्या हातचं नको."

"वहिनी, काल तुम्ही इथंच होता ना? मुळीकांचं बघितलंत ना काय झालं ते?"

"बघितलं," ती म्हणाली. "तस्संच पाहिजे."

मी रापी खाली ठेवली.

"हे सैल झालंय," ती घाईघाईनं म्हणाली. "नुसतं वाकलं तरी खाली पडतं. नवं घट्ट पाहिजे. एका हातानं निघायला नको. दोन्ही हात लागले पाहिजेत, वर जोर पण लागला पाहिजे."

"असं केलं तर वेळेला निघायचं नाही ते."

"चालंल."

मग तिनं वरच्या पट्टीला लावायची बटणं बघायला मागितली. मी टिच बटणांचा डबा पुढं केला. लोक बटणाचा रंग बघतात, गंजेल का विचारतात. हिनं एकेक बटण कानाशी धरून उघडलं आणि लावलं. पितळेचं एक जाड बटण होतं, ते उघडताना फटाकडीसारखं वाजायचं, म्हणून कुणी घेत नव्हतं. तिनं नेमकं तेच काढून बाजूला ठेवलं.

"हे. उघडलं की लांबून ऐकू आलं पाहिजे."

"कुणाला?"

तिनं रिकाम्या पिशवीची घडी घातली. मग म्हणाली, "त्यांचा वाढदिवस आहे. भेट द्यायचीय. बुधवारी मिळंल ना? आणि अण्णांना सांगू नका. ते नीट करतील."

ते नीट करतील! माझ्या मनात पाल चुकचुकली नाही, थेट अंगावरच पडली.

ती उतरून रस्त्यापलीकडं गेली. तिथं एक मिशाळ माणूस मोटारसायकलवर बसला होता. तिनं त्याला काहीतरी सांगितलं, त्यानं मान डोलावली, आणि ती त्याच्या मागं बसून निघून गेली. मी दुकान तसंच सोडून शेजारच्या चहाच्या गाड्यावर गेलो. चहावाला जगदाळ्यांच्या गावाकडचाच होता.

"तो?" तो म्हणाला. "दिनकर जगदाळे. सुभेदाराचा चुलतभाऊ. बांधावरनं सात वर्षं कोर्टात चाललंय दोघांचं. गेल्या साली कुऱ्हाडी निघाल्या होत्या."

"आणि सुभेदाराची बायको त्याच्या गाडीवर?"

"आता ते आपण काय सांगणार बाबा," तो म्हणाला आणि डोळा मारला.

झालं. माझं गणित तिथल्या तिथं सुटलं. नवऱ्याचं रिव्हॉल्वर कव्हरात अडकवून टाकायचं. बटण असं वाजणारं, की त्यानं हात घातला की समोरच्याला आधीच कळावं. आणि काम शिकाऊ माणसाकडून करून घ्यायचं. उद्या सुभेदार कव्हराशी झटापट करता करता मेला तर लोक म्हणतील, त्या निकमला काम येत नव्हतं. घाव दुसऱ्याचा आणि नाव माझं! मला इतका राग आला की चहा अर्धा टाकून उठलो.

अण्णा परत आल्यावर मी ऑर्डरीचं सांगितलं, पण बाकीचं पोटात ठेवलं. संध्याकाळी आवराआवर करताना सहज विचारल्यासारखं विचारलं, "अण्णा, गिऱ्हाइकानं भलतंच काहीतरी मागितलं तर?"

"तर इचारायचं, कशाला पायजे."

"आणि खोटं बोललं तर?"

"मग परत इचारायचं. त्वांड कशाला दिलंय द्येवानं?"

मी मनात म्हटलं, अण्णांनी कधी गेटवर काम केलेलं नाही.

रविवारी सायकल काढली आणि त्यांच्या गावाला गेलो. माजी सैनिकांना पट्टे करून देतो, मापं घ्यायला फिरतोय, असं सांगायचं ठरवलं होतं. डबा उघडून बघायचा होता, दुसरं काय.

सुभेदार ओसरीवर खाटेवर बसले होते. उंच, पांढराशुभ्र सदरा, दाढी गुळगुळीत केलेली. कमरेला दुसरं कसलं तरी कापडी कव्हर आणि त्यात रिव्हॉल्वर. मी पट्ट्याचं बोललो.

"पट्टा आहे माझ्याकडं," ते म्हणाले. "पलटणीतला. मी सुटलो, तो सुटला नाही." आवाज मऊ होता. असा माणूस वाईट असूच शकत नाही, असं मला वाटलं.

"साहेब, रिव्हॉल्वर घरात पण जवळ ठेवता?"

"हो."

"कुणाची भीती आहे का?"

ते थोडंसं हसले. "भीती कुणाची असणार?"

मग त्यांनीच विचारलं, "कव्हरं करता का तुम्ही? सांगू, कव्हर कसं असावं? हात गेला की हातात आलं पाहिजे. बाकी सगळी शोभा."

हे ऐकलं आणि माझा जीव गलबलला. या माणसाला काहीच कल्पना नव्हती.

पाणी प्यायच्या निमित्तानं मी घराच्या बगलेला गेलो. गोठ्याच्या आडोशाला ती आणि तो दिनकर उभे होते. मला तिचा आवाज स्पष्ट ऐकू आला. "बुधवारी मिळतंय. तोवर तू लांब जाऊ नकोस. हाक मारली की आलं पाहिजे." दिनकर म्हणाला, "मी गावातच आहे. ऊस तोडायचा ठेवलाय त्यापायी."

तेवढ्यात तिनं मला बघितलं. तिचं तोंड पांढरंफटक पडलं. धावत आल्यासारखी आली आणि दबक्या आवाजात म्हणाली, "इथं कशाला आलात? त्यांना काही बोलला तर नाहीत ना?"

"नाही."

"बोलू नका. पाया पडते तुमच्या."

गेटवर चोर सापडला की पहिल्यांदा पाया पडतो. मला आता आणखी काही बघायची गरज नव्हती.

निघताना मी सुभेदारांना हळूच म्हणालो, "साहेब, सांभाळून राहा."

त्यांनी माझ्याकडं जरा वेळ बघितलं. "आता काय सांभाळायचं," ते म्हणाले आणि पुन्हा रस्त्याकडं बघायला लागले.

पोलिसांत जावं असं एकदा मनात आलं. पण सांगणार काय? एका बाईनं घट्ट कव्हर मागितलंय? मला हाकलून दिलं असतं. ऑर्डर नाकारली असती तर ती दुसरीकडं गेली असती. मग मी ठरवलं, कव्हर करायचं, आणि असं करायचं की सुभेदाराचा हात गेला की हातात आलं पाहिजे. तिला मात्र सांगायचं, घट्ट आहे.

खरं सांगतो, त्या तीन दिवसांत मी जितकं काम शिकलो तितकं आधीच्या चार महिन्यांत शिकलो नव्हतो. साच्याला कागदाचे दोन वेढे दिले, सुरकुती पडू दिली नाही. कातडं कोमट पाण्यात भिजवलं. अंगठ्यांनी दाबून दाबून नळीची गोलाई उठवली, चाकाचा फुगवटा उठवला, अंगठ्यांची सालं निघाली. आरीनं भोकं पाडताना प्रत्येक भोकाला श्वास धरला. सावलीत वाळवलं, दिवसातून दहा वेळा जाऊन बघितलं. वाळल्यावर आतून मेण घासलं, पुन्हा घासलं. साचा आत घातला आणि दोन बोटांनी उचलला. आवाजसुद्धा न होता बाहेर आला. बटण तिनं सांगितलेलंच लावलं. ते बदललं असतं तर तिला कळलं असतं.

अण्णांनी ते हातात घेतलं, उलटंसुलटं केलं, आत बोट फिरवलं, साचा चार वेळा घातला आणि काढला. मी बघत होतो. माणूस परीक्षेचा कागद दुसऱ्याच्या हातात बघतो तसा.

"निकम," ते म्हणाले, "ह्ये जमलं."

त्या दिवशी संध्याकाळी त्यांनी रापी घरी नेली नाही. माझ्या पेटीत ठेवली.

बुधवारी ती चारनंतर आली. मी साचा आधीच आत लपवून ठेवला होता. तिच्याकडं रिव्हॉल्वर असणं शक्य नव्हतं, म्हणजे ती करून बघू शकत नव्हती.

"घट्ट झालंय ना, निकमभाऊ?"

"झालंय की."

"एका हातानं?"

"एका हातानं निघायचं नाही. दोन्ही हात लागतील." मी तिच्या डोळ्यांत बघून सांगितलं. चोराशी खोटं बोलायला मला कधीच जड गेलं नाही.

तिनं बटण उघडलं. फट् करून वाजलं. तिनं डोळे मिटले, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. "तुमचे लई उपकार झाले," ती म्हणाली. नाटकं बघा, मी मनात म्हटलं. त्या रात्री मला छान झोप लागली. आपण एका माणसाचा जीव वाचवला, हे सांगायलाही कुणी नव्हतं, पण मला ते ठाऊक होतं आणि तेवढ्यावर मी खूश होतो.

अठरा दिवस गेले. एका सकाळी दुकानासमोर मोटारसायकल थांबली आणि दिनकर जगदाळे उतरला. डाव फसला म्हणून आला हा. मी रापी मुठीत धरली. अण्णा आतल्या खोलीत कातडं भिजवत होते.

दिनकर पायरीवर उभा राहिला. डोळे लाल. "निकम तुम्हीच ना? वहिनीला तुमच्याशी बोलायचंय."

ती त्याच्या मागं होती. उजवा हात पदराखाली होता. आत येऊन बाकावर बसली आणि हात बाहेर काढला. पांढरी पट्टी, आणि पट्टीत मधली दोन बोटं नव्हती.

मी रापी कधी खाली ठेवली ते मला आठवत नाही.

"तुम्ही घट्ट आहे म्हणाला होतात," ती म्हणाली.

"वहिनी, हे काय झालं?"

"बटण वाजलं. मी चुलीपाशी होते, सकाळच्या भाकरी चालल्या होत्या. चुलीपासून त्यांच्या खाटेपर्यंत नऊ पावलं आहेत. मी मोजून ठेवली होती. ते दोन्ही हातांनी ओढत बसले असते तर मी पोचले असते." तिनं हात पदराखाली घेतला. "पोचले तशी. पण रिव्हॉल्वर बाहेर आलं होतं. कानशिलाला लावलं होतं त्यांनी. मी नळी धरली."

मी बाकाजवळ सरकलो.

"आणि ते?"

"आहेत. गोळी भिंतीत गेली. पुण्याला दवाखान्यात ठेवलंय, डोक्याच्या डॉक्टरांकडं. रिव्हॉल्वर पोलिसांनी नेलं, एवढं एक बरं झालं. माझ्या हाताकडं बघतात आणि तोंड फिरवतात."

दिनकर खाली पायरीवरच बसला. मी त्याच्याकडं बघितलं आणि तोंडातून निघून गेलं, "पण मला वाटलं होतं, तुम्ही दोघं मिळून त्यांना..."

"काय आम्ही दोघं?" दिनकर म्हणाला.

मी सांगितलं. सगळं सांगितलं. कोर्ट, गोठ्यामागचं बोलणं, बटण. सांगता सांगता माझा आवाज मलाच ऐकवेना.

दिनकर चिडेल असं वाटलं होतं. तो चिडला नाही. "दोनदा विहिरीच्या काठावरनं ओढून आणलाय मी त्याला," तो म्हणाला. "कोर्टाची तारीख असली की माझ्याच गाडीवर बसवून नेतो, एकटा गेला तर वाटेत काय करंल म्हणून. तिथं पोचलो की त्याचा वकील तिकडं, माझा इकडं. बांधाचं भांडण बांधावर, निकम. माणूस गेला तर भांडायचं कुणाशी?"

"रिव्हॉल्वर जमा का नाही केलंत?" मी जवळजवळ ओरडलोच. "लपवून का नाही ठेवलंत?"

"जमा करायला त्यांची सही लागते," ती म्हणाली. "लपवलं होतं एकदा. दोन दिवस जेवले नाहीत. म्हणाले, ते नसलं तरी विहीर आहे. मग परत दिलं. हातात असलं म्हणजे निदान मला ठाऊक असतं कुठून यायचंय ते. का करतात असं, ते मला विचारू नका. पलटणीतून सुटून आल्यापासून बोलतच नाहीत. मी भेट दिलेलं मात्र वापरतात, कधी नाही म्हणत नाहीत. म्हणून कव्हर."

"मग मला तरी सांगायचं होतं!" मला तिचाच राग आला होता, आपली चूक असली की येतो तसा. "एक शब्द बोलला असतात तर मी तुम्हाला सिमेंटचं कव्हर करून दिलं असतं!"

"काय सांगू? सुभेदाराला वेड लागलंय म्हणून? तालुक्याला कळलं असतं. त्यांनी ते कुणाकडून ऐकलं असतं तर त्याच दिवशी..." तिनं वाक्य सोडून दिलं. "आणि तुम्ही तरी कुठं विचारलंत? घरापर्यंत आलात. ओसरीवर बसलात. मला वाटलं, विचारणार. विचारलं असतं तर कदाचित मी बोलले असते. नुसतं बघत होता."

मी रापी उचलून पेटीत ठेवली.

"त्या दिवशी तुमचं ते कव्हर बघितलं आणि मला वाटलं देवच भेटला," ती म्हणाली. "अण्णांसारख्या माणसाकडून घेतलं असतं आणि ते निघालं नसतं, तर ह्यांना लगेच कळलं असतं, मुद्दाम केलंय म्हणून. शिकाऊ माणसाचं म्हटलं की कुणाला काय वाटणार? माझा सगळा भरवसा त्याच्यावर होता, निकमभाऊ. तुम्हाला अजून काम येत नाही, त्याच्यावर."

गिरणीत अकरा वर्षांत एकदाही मी चुकीच्या माणसाला चोर म्हटलं नव्हतं, निदान मला तसं वाटत होतं. आता ते सगळे डबे डोळ्यांपुढं यायला लागले. मी रडलो. एकोणचाळीस वर्षांचा घोडा, भर दुकानात, परक्या माणसांसमोर रडलो आणि मला त्याची लाज वाटली नाही.

अण्णा आतल्या दारात कधी येऊन उभे राहिले होते कोण जाणे. हातातून पाणी ठिबकत होतं. ते कव्हर त्यांनीही तपासलं होतं, त्यांनीही जमलं म्हटलं होतं. ते मला शिव्या घालतील म्हणून मी वाट बघत होतो. घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"बाई," ते म्हणाले, "नुसतं ह्येच बोलायला आलाता?"

"नाही." तिनं हात मांडीवर ठेवला. "टाके निघाले. पण काही लागलं की जीव जातो. पीठ मळताना, भांडी घासताना. डॉक्टर म्हणाले, कातड्याचं मऊ काहीतरी करून घ्या, पाकिटासारखं, दोन बोटांपुरतं. ते तुमच्याकडं होईल का, बघायला आले."

"हुईल की." अण्णांनी माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, म्हणतील, सरक, मी करतो. ते म्हणाले, "माप घे, निकम."

"अण्णा, माझ्या हातनं नको."

"घे म्हणतो न्हवं का!"

मी तिच्याकडं बघितलं. ती हो म्हणाली नाही, नाही पण म्हणाली नाही. दिनकरनं उठून तिच्या हाताची पट्टी सोडायला मदत केली. मी बाकाशी जमिनीवर बसलो. कागद घेतला, पेन्सिल घेतली. तिनं हात कागदावर ठेवला. जखम अजून लाल होती. माप घ्यायला मला हात लावणं भाग होतं, आणि कुठं लावायचा ते मला कळत नव्हतं.

"वहिनी," मी म्हणालो, "कुठं दुखतं?"

तिनं डावा हात पुढं केला. मग एकेक जागा दाखवून मला सांगायला लागली.